मीठ उडालं तो गुरुवार

मुलांनो, मागे फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तुमच्या गावात बघायला काय आहे?" थोरलीला शाळेत आजी-आजोबांच्या गावाबद्दल बोलायचं होतं. धाकट्याने त्याआधीच शोधाशोध करून ठेवली होती. त्याने मला मीरा-भाईंदरची यादी वाचून दाखवली. पाण्याच्या घसरगुंड्या, रिसॉर्ट, मॉल, पुन्हा रिसॉर्ट, आणि प्रत्येकापुढे तिकिटाची किंमत. शेवटी तो हळूच म्हणाला, "फुकट असं तिथे काहीच नाही, आजी. सॉरी." आजारी माणसाला भेटायला आल्यासारखा त्याचा सूर होता.

मी म्हटलं, लिहून पाठवते. फोनवर हे सांगता येत नाही. मी 'खाडी' म्हणेपर्यंत तुमची आई मध्ये डोकावून "गुडघ्याची गोळी घेतलीस का?" विचारते, आणि खाडी राहून जाते.

आत्ताच लिहायला बसले त्याला आणखी एक कारण आहे. समोरच्या बेन दिवाळीआधी घर सोडून गेल्या. तुम्हाला त्या आठवत असतील. तुम्ही आलात की थेपल्यांचा डबा घेऊन चपला न घालता आपल्या घरात येणाऱ्या, त्याच. या गावातल्या फुकट जागा मी त्यांच्याबरोबर पाहिल्या. आता समोरच्या दाराला कुलूप आहे, तेव्हा जे काय आठवतंय ते ताजं असतानाच कागदावर उतरवते. कठीण शब्द आईला विचारा.

मी नोकरी केली ती फोर्टात. सकाळी अंधारात निघायचं आणि रात्री परत यायचं. भाईंदर पूर्वेला इतकी वर्षं राहून मला स्टेशन, नवघर रोड, भाजीवाला आणि दवाखाना एवढंच ठाऊक होतं. बेनचं जग त्याहून लहान होतं. स्वयंपाकघर, देरासरची, म्हणजे त्यांच्या जैन देवळाची वाट आणि गच्चीवरचे पापड. निवृत्त झाल्यावर मी कपाटं लावली, मग ती पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावायला घेतली तेव्हा तुमचे आजोबा म्हणाले, "मॅडम, आता कपाटांना जरा श्वास घेऊ द्या. तुम्ही बाहेर जा."

गुरुवार ठरला तो बेनच्या सुनेमुळे. दर गुरुवारी दुपारी तिच्या मैत्रिणींची भिशी असायची. हॉलमध्ये हास्याचे फवारे आणि आतल्या खोलीत बेन, हातात जपमाळ आणि कपाळावर आठी. एका गुरुवारी त्या पर्स घेऊन आपल्याकडे आल्या.

"ताई, दोन घंटे बसू? तिकडे लिपस्टिकचा सेमिनार चाललाय."

मी म्हटलं, बसायचं कशाला, चला खाडीवर. जेसल पार्कच्या टोकाला खाडी आहे असं मी ऐकून होते. बेन म्हणाल्या, "खाडी? भाईंदरमध्ये?" आम्ही रिक्षाही न करता गेलो, आणि समोर एवढं मोठं पाणी पाहून बेन रागावल्याच. "हे इथे होतं आणि मला कोणी सांगितलं नाही? माझा नवरा तर आयुष्यभर म्हणायचा, भाईंदरला हवा नाही!"

तेव्हापासून दर गुरुवार. मी शिस्तीची बाई, तेव्हा नियम केले. फक्त गुरुवारी जायचं, तेही पायी नाहीतर बसने. जागेला तिकीट नसावं. चहा आणि खाणं आपलं न्यायचं. दिवे लागायच्या आत घरी यायचं. आणि दुसऱ्या दिवशी गुडघ्याबद्दल बोलायचं नाही. आजोबांनी लगेच फाटा फोडला, "आणि बसचं भाडं? ते काय फुकटात मोडतं?" मी म्हटलं, भाडं म्हणजे प्रवास, खर्च नव्हे. त्यांनी दोन्ही हात जोडले.

खाडीवर जायचं तर भरती पाहून जायचं, नाहीतर नुसता चिखल बघून परत यावं लागतं. ही विद्या तुमच्या आजोबांची. ते रत्नागिरीचे. तिथे समुद्राकाठी सगळ्यांना एक हिशेब पाठ असतो. कॅलेंडरवर आज कुठली तिथी आहे ते बघायचं आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. खाडी आत असल्यामुळे थोडं पुढे-मागे होतं, पण चालतं. मोबाइलवर आता सगळं मिळतं हे मला माहीत आहे, तरी मी भिंतीवरचं कॅलेंडरच बघते. बेनला हा हिशेब एका फेरीत पाठ झाला. एकादशीला भर दुपारी खाडी कोरडी पडते हे कळल्यावर त्या इतक्या हसल्या की चहा सांडला. "बघा ताई, ती पण उपास करते!"

मग आम्ही लांब जायला लागलो. पश्चिमेला जाऊन उत्तनची बस धरायची. मुर्धा, राई, मोर्वा अशी जुनी गावं एकामागे एक येतात. कौलारू घरं, मध्येच एखादा चार मजल्यांचा बंगला, पुन्हा कौलं. उत्तनला समुद्राकाठी बांबूंच्या उंच मांडवांवर बोंबील वाळत घालतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते दोरीवर टाकलेले असतात, वाळणीवर कपडे टाकावेत तसे, आणि दोऱ्यांवर दोऱ्या. बेन कांदाही न खाणाऱ्या. त्यांनी पदर नाकाला लावला, पण तिथून हलेनात.

"वास सहन होत नसेल तर जाऊ या," मी म्हटलं.

"वास आहे, पण डिझाईन बघा ना." मग जवळ जाऊन त्या नीट पाहून आल्या. "जबड्यात जबडा घालून दोन-दोन लटकवलेत. हे तर सासू-बहू आहेत!"

मासे वाळत घालणाऱ्या दोन बायका हे ऐकून खाली बसून हसल्या. त्यातली एक म्हणाली, "आनि मदी जो दोर हाय ना बाय, तो नवरा." पुढे आम्ही उत्तनला गेलो की त्या आम्हाला लांबूनच 'सासू-सून आल्या' म्हणून हाक मारायच्या. दोघींपैकी सासू कोण, हे आम्ही शेवटपर्यंत ठरवलं नाही.

डिसेंबरात त्याच गावांत घरांपुढे येशूच्या जन्माचे देखावे मांडलेले असतात. गवताचा गोठा, मातीच्या गाई, निळा कागद पसरून केलेली नदी. एका देखाव्यातल्या नदीत चक्क एसटी बुडालेली होती. विचारलं तर घरातली लहान मुलगी म्हणाली, रस्ता करायला जागा उरली नाही. कुठेही थांबून बघा, कोणी हटकत नाही. उलट केक पुढे येतो. बेन त्यात अंडं आहे का विचारायच्या, आहे म्हटल्यावर हातात घ्यायच्या, आणि घरी आणून तुमच्या आजोबांना द्यायच्या. आजोबांना आमच्या सहली त्या महिन्यात फार आवडायच्या.

घोडबंदरचा किल्ला तुम्हाला दाखवायचा राहिला. वर चढलं की खाडी कशी वळण घेऊन आत जाते ते दिसतं. आणि अगदी घराजवळचं म्हणाल तर नवघर. उंच इमारतींच्या मागे जुनं गाव अजून तसंच आहे. अंगणात तुळस, ओट्यावर लसूण सोलणाऱ्या म्हाताऱ्या. त्यांच्याकडे पाहून हसलं की बसायला पाट येतो. नवघरहून परतताना स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांची गल्ली लागते. दार उघडं असलं तर फिरत्या यंत्रावर सपाट पत्र्याचा डबा होताना दिसतो. आम्ही दोघी तिथे उभ्या राहिलो की बेन माझ्या कानात त्या डब्याचा दुकानातला भाव सांगायच्या. या सगळ्याला तिकीट नाही, धाकट्या. तुझ्या यादीत ते येणार कसं? ज्याला तिकीट नाही त्याची जाहिरात कोण करणार?

असं सगळं छान चाललं होतं. मग यंदा नवरात्र संपल्यावर एका गुरुवारी खाडीवर बेनने डबा उघडला आणि न खाताच बंद केला. म्हणाल्या, "ताई, मुलाने वलसाडजवळ घर घेतलं. मोठं आहे. नवा साल तिथेच करायचा म्हणतो."

त्यांचा नवा साल म्हणजे आपला दिवाळीचा पाडवा. तो जेमतेम तीन आठवड्यांवर आला होता. मी काहीतरी बरं बोलले असेन, मोठं घर म्हणजे छानच वगैरे. बेन ऐकत नव्हत्या. त्या पाण्याकडे बघत म्हणाल्या, "मला जायचं आहे ते ठीक आहे. मुलगा जाईल तिथे मी जाणार. पण मला इथलं मीठ पाहिजे."

मला आधी कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्याकडे नव्या वर्षाच्या पहाटे मुलं टोपलीत मीठ घेऊन दारोदार फिरतात आणि 'सबरस' अशी हाक देतात. सबरस म्हणजे मीठच, पण त्या दिवशी त्याला मीठ म्हणायचं नाही. वर्षातली पहिली खरेदी ती. त्यांच्या माहेरच्या गावाजवळ मिठागरं होती, त्यामुळे मीठ तिथल्याच मातीतलं असायचं. लग्न होऊन भाईंदरला आल्यावरही काही वर्षं दारावर सबरस यायचं. मग इमारतीला गेट आलं, वॉचमन आला, आणि ते बंद झालं.

"वलसाडला माझं कोणी नाही, ताई. नव्या घरात पहिलं पाऊल मिठाचं पडतं. ते तरी माझ्या गावचं नको का? दुकानातली पिशवी कुठली, काय माहीत."

माझ्या गावचं, म्हणजे भाईंदरचं. ज्या बाईला काही वर्षांपूर्वी इथे खाडी आहे हेही ठाऊक नव्हतं, ती हे बोलत होती. मी म्हटलं, मिळेल. भाईंदरला मिठागरं नाहीत तर कुठे आहेत?

मिळणं इतकं सोपं नव्हतं. मीठ पिकतं उन्हाळ्यात. पावसाळ्यानंतर आगरात नुसतं पाणी उभं असतं, आणि उरलेल्या राशी पाऊस लागायच्या आत उचललेल्या असतात. हे आम्हाला पुढे कळलं. विचारावं त्याने वेगळीच दिशा दाखवली. पुढच्या गुरुवारी आम्ही एका पत्र्याच्या कुंपणापाशी पोचलो, ज्याच्या आत आता टॉवर उभा राहत होता. त्याच दिवशी पुढे एका भल्या माणसाने आम्हाला नेऊन किराणा दुकानासमोर उभं केलं आणि म्हणाला, "मिठाचा होलसेल इथेच." बेन त्याला म्हणाल्या, "भाई, आप का दिल अच्छा है, दिमाग की बात बाद में करेंगे."

मग आला तो गुरुवार. दिवाळी तोंडावर होती आणि बेनचा ट्रक रविवारी येणार होता. म्हणजे हा शेवटचाच. आम्ही राईला उतरलो आणि गावामागच्या बांधावरून चालायला लागलो. दोन्ही बाजूंना बांधांनी आखलेले मिठागराचे चौकोनी खण, त्यांत पाणी आणि पाण्यात आभाळ. वारा मस्त होता. आणि लांब, अगदी पलीकडच्या बांधावर, पांढऱ्या छोट्या राशी दिसल्या. ओळीने मांडलेल्या.

बेनने माझा दंड धरला. "ताई. मीठ."

मी चष्मा पुसून पाहिलं. माझ्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. बेनचे दोन्ही व्हायचेत. आमच्या दोघींत मिळून चांगला असा एकच डोळा होता, आणि त्यालाही ते मीठच वाटलं. "मीठच आहे," मी म्हटलं. "किती नीट लावलंय बघा. एकसारख्या राशी."

मला नीटनेटकेपणा दिसला की मी फार प्रश्न विचारत नाही.

बांध सरळ जात नव्हता. एका चौकोनाला वळसा, मग दुसऱ्याला. एका जागी बांध फुटला होता, तिथून मागे फिरावं लागलं. उन्हं कलायला लागली. बेन पुढे आणि मी मागे. त्या चालता चालता कुठल्या बरणीत मीठ ठेवायचं ते ठरवत होत्या. निम्मी वाट झाल्यावर मला वाटलं की एक रास हलली. मी चष्मा पुन्हा पुसला. मग दुसरी हलली. तिने मान लांब केली, इकडे-तिकडे पाहिलं आणि एक पाय वर घेतला.

"बेन," मी म्हटलं, "मिठाला पाय आहेत का?"

तेवढ्यात बेनचा पाय घसरून पाण्यात पडला, धप्पकन आवाज झाला, आणि अख्खी ओळ उडाली. बगळे! पन्नास असतील, शंभर असतील, सगळे एकदम. पांढरं शुभ्र मीठ आमच्या डोक्यावरून गेलं, खाडीकडे वळलं आणि लांब जाऊन दुसऱ्या बांधावर पुन्हा तितक्याच शिस्तीत बसलं.

बेन गुडघ्यापर्यंत भिजून उभ्या होत्या. मला वाटलं आता रडतील. त्या म्हणाल्या, "ताई, मीठ उडालं."

आम्ही तिथेच खाली बसलो आणि इतक्या हसलो की माझं पोट दुखायला लागलं. चहा काढला, थेपले काढले. सूर्य खाली गेला होता, पाणी केशरी झालं होतं आणि त्यात लांब ते बगळे. मुलांनो, कुठल्याही यादीतली दोन तिकिटं द्या आणि असं करून दाखवा म्हणावं.

पण बेनच्या हाती मीठ आलं नव्हतं. हसणं ओसरल्यावर मी उरलेल्या थेपल्यांचा डबा माझ्या पिशवीत टाकला. अंधाराच्या आत बांधावरून उतरायचं म्हणून उठलो आणि समोर दिसली त्या वाटेने गावात आलो. पहिल्याच घराच्या ओट्यावर एक बाई पाटीतली मासळी निवडत बसली होती. वयाने आमच्याएवढी, नऊवारी नेसलेली. बेनची भिजलेली साडी पाहून तिने न विचारता पाण्याचा तांब्या दिला.

"बांधावर कशाला गेलेल्या या वयात?"

आम्ही सांगितलं. मीठ, बगळे, सगळं. ती खदखदून हसली. "आमची कोंबरी अंडा घालते, पन बगला मीठ नाय घालत कदी!" मग म्हणाली, "मीठ हाय ना. घरापुरता पिकवतो अजून. मागचे दोन खन आमचे हायेत. म्हावरा खारवायला लागतो."

बेनचा चेहरा असा उजळला! त्या पुढे झाल्या. "दे ना बहन, थोडासा. मूठभर."

बाईने मान हलवली. "आता न्हाय."

"का?"

तिने हाताने आत दाखवलं. देवापाशी नुकताच दिवा लावलेला होता. "तिन्हीसांज झाली. आता मीठ घराभायेर न्हाय द्यायचा. सकाली ये, पायजे तेवरा देते."

मी बेनकडे पाहिलं, बेनने माझ्याकडे. दिवेलागणीनंतर मीठ, दूध, दही दाराबाहेर जात नाही. हे माझ्या आईच्या घरी होतं, माझ्या घरी आहे. बेनकडे तर त्याहून कडक. त्यांनी स्वतः एकदा संध्याकाळी मला विरजणाला नाही म्हटलं होतं. बेन हळूच म्हणाल्या, "बरोबर आहे. मी पण नसतं दिलं."

ठीक होतं, शुक्रवार होता, शनिवार होता. पण बसची वाट बघत असताना बेनचा फोन वाजला. मुलगा. तो इतक्या मोठ्याने बोलत होता की मलाही ऐकू येत होतं. "बा, क्यां छो तमे?" कुठे आहात, म्हणून. दिवाळीमुळे रविवारी ट्रक मिळत नव्हता. ट्रकवाला उद्याच सकाळी येतो म्हणाला होता. सामान बांधायला माणसंही ठरली होती. बेन "हा बेटा, हा बेटा" म्हणत राहिल्या. फोन ठेवून त्यांनी पर्सची चेन लावली, मग उघडली, मग पुन्हा लावली.

"जाऊ दे ताई," त्या म्हणाल्या. "दुकानातून घेईन."

बसमध्ये त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. नियम मी केले होते, तेव्हा मोडायचा अधिकारही माझाच. आपल्या मजल्यावर पोचल्यावर मी त्यांना म्हटलं, "सकाळी उजाडलं की दारात उभ्या राहा. चपला घालून."

घरी आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "उद्या शुक्रवार आहे, मॅडम. आणि एवढ्या सकाळी बस कुठे, रिक्षा करावी लागेल. दोन नियम मोडतायत."

"तुम्ही फक्त ट्रक थांबवा," मी म्हटलं.

ते काम त्यांनी मन लावून केलं. आम्ही निघालो आणि थोड्याच वेळात ट्रक आला. आजोबा खाली जाऊन उभे राहिले आणि हमालांना दोरीची गाठ कशी मारायची ते शिकवायला लागले. रत्नागिरीत होडी कशी बांधतात ते दाखवलं. मग सगळ्यांना चहा. मग पुन्हा गाठ, कारण एकाला नीट जमली नव्हती. बेनचा मुलगा वरून ओरडला, "काका, बा कुठे गेली?"

"मीठ आणायला."

"मीठ? खाली दुकान आहे ना, काका!"

"हो रे," आजोबा म्हणाले, "पण ते उघडायचंय अजून." ते उघडलेलं होतं.

इकडे राईला ती बाई अंगणात सडा घालत होती. आम्हाला पाहून म्हणाली, "आल्या बगले!" आत जाऊन तिने एका फडक्यात मीठ बांधून आणलं. जाडं, करडं, ओलसर, किंचित मातीच्या रंगाचं. मीठ थेट हातात द्यायचं नसतं, म्हणून तिने गाठोडं ओट्यावर ठेवलं. "उचल."

बेनने पर्स उघडून नाणं काढलं. बाई रागावली. "मीठ इकायचं न्हाय मला."

"नहीं, नहीं," बेन म्हणाल्या, "सबरस मुफ्त नहीं लेते. शगुन जातो माझा."

"आनि इकलेला माझा जातो!"

दोघी कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. एकीच्या रीतीत मीठ फुकट घेता येत नाही, दुसरीच्या रीतीत दारात आलेल्याला विकता येत नाही, आणि तिकडे ट्रक भरला जात होता. मला एकदम पिशवीतला डबा आठवला. आदल्या दिवशीचे उरलेले थेपले, बेनच्या हातचे. मी डबा उघडून ओट्यावर ठेवला, गाठोड्याच्या शेजारी. "तुम्ही हे उचला. बेन, तुम्ही ते."

बाईने थेपल्याचा वास घेतला, तुकडा तोडून खाल्ला आणि म्हणाली, "यात मीठ कमी हाय."

"म्हणून तर न्यायला आले," बेन म्हणाल्या आणि गाठोडं उचललं.

आम्ही परतलो तेव्हा ट्रकची मागची फळी लागली होती. मुलगा रागात होता, पण आईच्या हातातलं गाठोडं पाहून त्याने गाडीचं दार उघडून धरलं. बेनने ते कुणाच्या हाती दिलं नाही. गाडीत मांडीवर घेऊन बसल्या. जाताना मिठी वगैरे काही नाही, खिडकीतून हात काढून एवढंच म्हणाल्या, "गुरुवार चालू ठेवा, ताई. मी विचारणार."

पाडव्याच्या पहाटे त्यांनी फोन केला, चित्र दिसणारा. नवं स्वयंपाकघर, पांढऱ्या फरशा, ओट्यावर स्टीलची वाटी आणि वाटीत ते करडं मीठ. त्यावर कुंकवाचं बोट टेकवलेलं. सून मागून म्हणत होती की इतकं जाडं मीठ डाळीत विरघळत नाही. बेन म्हणाल्या, "विरघळेल. वेळ लागतो."

धाकट्या, तू फुकट जागा विचारल्या होत्यास, त्या या. थोरलीने शाळेत काय सांगायचं ते तिने ठरवावं. तुम्ही याल तेव्हा कॅलेंडर बघून नेईन. बांध फुटलाय तिथून मात्र सांभाळून चालायचं.

राईच्या मागे त्या बाईचे दोन खण अजून आहेत आणि उन्हाळ्यात तिथे मीठ पिकतं. बगळे त्याच बांधावर बसतात. आमची गुरुवारची सहल चालू आहे. आता माझ्याबरोबर तुमचे आजोबा येतात, आणि संध्याकाळी कुठे गेलो होतो ते मी बेनला फोनवर सांगते.